चौदा आणि अठ्ठावीस

नेदरलँड्समध्ये जमिनीखालच्या पाण्याची पातळी महिन्यातून दोनदा मोजतात, चौदा तारखेला आणि अठ्ठावीस तारखेला. सगळ्या देशात हेच दोन दिवस. कोणी ठरवले आणि का ठरवले, हे मला कधी कोणी नीट सांगू शकलं नाही. आता बहुतेक ठिकाणी यंत्रं बसली आहेत, ती तासातासाला आपलं आपलं मोजत असतात. पण जिथे अजून माणूस जातो तिथे हे दोन दिवस पाळतात. मी हे पप्पांना फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मला जरा रागच आला. मला शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हासुद्धा ते एवढे खुलले नव्हते.

"म्हणजे आपली जयंती आणि तुमची मोजणी एकाच दिवशी," ते म्हणाले. "मग चौदा एप्रिलला तू काय करणार?"

"मोजणार."

"बरोबर आहे. तेच करायला पाहिजे."

पप्पांनी तीस वर्षं विहिरी मोजल्या. जालन्याच्या आसपासच्या तालुक्यांत सरकारने ठरवून दिलेल्या विहिरी होत्या, वर्षातून चार फेऱ्या व्हायच्या, आणि ते मोजणीवरचे मदतनीस होते. पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची, खडू कुठवर ओला झाला ते बघायचं आणि वजाबाकी करायची. काम एवढंच. एका गावात लोक त्यांच्या टेपवर आधी तांब्याभर पाणी ओतायचे आणि मगच ती विहिरीत सोडू द्यायचे. साहेब बरोबर असले की ओतायचे नाहीत. पप्पा हे अगदी सहज सांगायचे. ओली टेप पुसून, वाळवून पुन्हा खडू लावण्यात त्यांची दहा मिनिटं जायची, आणि त्यांची तक्रार असलीच तर त्या दहा मिनिटांबद्दल होती. माझी त्या दहा मिनिटांबद्दल नव्हती. मला अजूनही ते गाव नकाशात दिसलं तरी डोकं तापतं.

त्यांच्या बरोबरचे एक गृहस्थ पाच विहिरींचे आकडे हॉटेलात चहा पीत लिहायचे. पप्पांनी असा एकही आकडा लिहिला नाही. दुपारी दोनच्या उन्हात सायकल पंक्चर झाली तरी ढकलत ढकलत विहिरीपर्यंत जायचे. आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की आईला त्याचा वीट आला होता. "खरं लिहून मिळालं काय?" ती विचारायची. पप्पा म्हणायचे, "काही नाही. पण आकडा खरा होता."

मी भूगर्भशास्त्राकडे वळले ती याच्यामुळेच, आणि मग पृथ्वी आणि पर्यावरण विज्ञानात एम.एस्सी. करायला नायमेखनला आले. आले ती दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सगळ्या जगाने दारं लावून घेतली होती तेव्हा. विद्यापीठाची इमारत मी पहिल्या तीन महिन्यांत आतून चार वेळा पाहिली असेल. बाकी सगळं खोलीतल्या टेबलावर. दगड शिकवायचे तर शिक्षक आपल्या घरातून एक दगड कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि विचारायचे, यात काय दिसतं. काय दिसणार? त्यांचा अंगठा दिसायचा. जो विषय हात काळे केल्याशिवाय येत नाही तो आम्ही हात धूत धूत शिकत होतो. आर्डेनच्या डोंगरात जायची सहल रद्द झाली आणि तिच्याऐवजी एक दुवा आला. त्यावर टिचकी मारली की डोंगर गोल फिरायचा. ती दुपार मी रडून काढली, हे कोणाला सांगितलं नाही.

त्या सगळ्या काळात एकच तास मनापासून आवडला. खोटे आकडे कसे ओळखायचे याचा तो तास होता. कोणी तरी घरी बसून मोजणीचा तक्ता भरला होता, नाव न घेता शिक्षकांनी तो आमच्यासमोर ठेवला, शेजारी एक खरा तक्ता ठेवला, आणि विचारलं की यातला खोटा कोणता. मी एका मिनिटात सांगितलं. खोट्यात शून्य आणि पाच फार होते, आणि सगळी रेघ कशी गुळगुळीत खाली उतरत गेली होती. खरी मोजणी अशी शहाण्यासारखी वागत नाही. ती मध्येच वर जाते, मध्येच खाली येते, एखादा आकडा तर अगदीच अंगावर येतो. शिक्षकांनी विचारलं, हे तुला कसं माहीत. मी म्हणाले, माझे वडील शिकवून गेलेत. मग मला लक्षात आलं की इंग्रजीत मी जे बोलले त्याचा अर्थ वडील गेले असाही होऊ शकतो, आणि मी घाईघाईने ते निस्तरलं. त्याच रात्री पप्पांना फोनवर सगळा तास सांगितला. ते खूप हसले. त्यांच्या त्या चहावाल्या सहकाऱ्याचे सगळे आकडेही शून्याने नाही तर पाचाने संपायचे म्हणे. "लबाडी करायची तर जरा मन लावून करावी ना माणसाने," ते म्हणाले.

तेच शिक्षक पुढे माझे मार्गदर्शक झाले. उंच, वाळलेले, साठीच्या जवळचे. इथे सगळे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्याने ते कधी झालं नाही आणि 'सर' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्यामुळे मी त्यांना वर्षभर काहीच म्हणाले नाही, थेट वाक्यालाच सुरुवात करायचे.

प्रबंधाचा विषय होता खचणारी जमीन. कापेल आन डेन आयसेल या गावाच्या पलीकडे नदी ओलांडली की सपाट कुरणं लागतात. ती सगळी पीटवर आहेत. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठत गेलेलं गवत आणि लव्हाळं. पाणी वर असेपर्यंत ते टिकतं. गाईंना चरायला कोरडी जमीन हवी म्हणून पाणी खाली उतरवलं की वरून हवा आत शिरते, ऑक्सिजन मिळतो आणि इतकी वर्षं टिकलेलं ते सावकाश कुजून नाहीसं होतं. जमीन खाली बसते. मी मोजायची होती ती पाण्याची पातळी, म्हणजे ऑक्सिजन किती खोलवर पोचतो ते. माझा सगळा प्रबंध ऑक्सिजनवर होता, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

तीन कुरणांत बारा नळ्या पुरलेल्या होत्या. यंत्रं येणार होती, पण ती कुठल्या तरी बंद गोदामात अडकली, म्हणून हाताने मोजायचं ठरलं. फेब्रुवारी ते जुलै, चौदा आणि अठ्ठावीस. नायमेखनहून दर मोजणीला ये-जा करणं शक्य नव्हतं, आणि तास तर सगळे पडद्यावरच होते, तेव्हा मी जानेवारीत कापेलला एका मराठी कुटुंबाच्या घरी माळ्यावरची खोली घेतली. नवरा-बायको दोघं पुण्याची, दोघंही आयटीत, दोघंही घरूनच काम करायची. ती मला खोली द्यायला लगेच तयार झाली याचं मला आश्चर्य वाटलं होतं. आडनाव ऐकून आधी दोन ठिकाणी खोली अचानक 'भरली' होती. वहिनींनी आडनाव विचारलंच नाही. त्यांना एवढंच हवं होतं की मी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीशी मराठीत बोलावं. मी बोलायचे. तिला सगळं कळायचं आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची.

मोजणीच्या दिवशी सकाळी मी सायकल काढायची, पाठीवर पिशवी, पायात गमबूट. नदी होडीने ओलांडायची, मग बांधावरून सात किलोमीटर. वारा नेहमी समोरून. जाताना आणि येतानाही समोरून, हे कसं ते मला कळलेलं नाही. टेपच्या टोकाला तळाशी पोकळ असलेलं छोटं पितळी वजन असतं. ते नळीत सोडलं की पाण्याला टेकताच 'डुब्' असा आवाज येतो, तिथे टेप धरायची आणि वाचायची. पप्पा फोनवर असायचे. जालन्यात तेव्हा दुपार असायची, ते जेवून आडवे झालेले असायचे.

"मोजायलीस का?"

"हो. आवाज आला का?"

"आला. किती?"

मी सांगायचे. ते लगेच मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघायचे आणि पटलं नाही तर म्हणायचे, "परत सोड." मी परत सोडायचे. एवढ्या मोठ्या विद्यापीठात कोणी मला असं 'परत सोड' म्हणालं नव्हतं. त्या हिवाळ्यात महिन्यातून दोनदा मी कोणाची तरी होते. बाकीचे दिवस कसे गेले ते आठवत नाही, आठवायची इच्छाही नाही. रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी होती, आणि बाहेर पडून जाण्यासारखं कुठे काही नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पप्पांना ताप आला. तपासणी झाली, निघायचं तेच निघालं. आईला साखरेचा त्रास, म्हणून त्यांनी स्वतःला पुढच्या खोलीत कोंडून घेतलं. आई ताट दाराशी ठेवायची आणि मागे सरायची. भावंड मला नाही. मी त्याच दुपारी तिकिटं बघायला लागले. जायला विमानं होती, परत येणं अवघड होतं. भारतातून येणारी विमानं कधीही बंद होतील असं सगळे म्हणत होते, आणि एप्रिलच्या शेवटी झालीच. गेले असते तर मोजणी तुटली असती, कदाचित वर्षही गेलं असतं. मार्गदर्शकांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं: तुला जायचं असेल तर जा, तक्त्यात एक मोकळी जागा राहिली तर राहिली, आपण ती प्रबंधात लिहू. म्हणजे मला कोणी अडवलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मीच लोकांना 'तेव्हा जाताच आलं नाही' असं सांगत फिरले.

अडवलं ते पप्पांनी. फोनवर म्हणाले, "हे बघ माय, उगीच घाबरून काही करायचं नाही. ऑक्सिमीटर आणलाय. मी रोज सकाळी मोजतो आणि तुला आकडा पाठवतो. नव्वदच्या खाली गेला तर तू ये. मीच म्हणेन ये. तोवर तू तुझं काम कर."

मला हे पटलं. इतकं पटलं की बरं वाटलं. घाबरायचं की नाही हे आता मला ठरवायचं नव्हतं, आकडा ठरवणार होता. मी एक तक्ता उघडला: तारीख, वेळ, आकडा. नव्वदवर तांबडी रेघ मारली.

आकडे यायला लागले. त्र्याण्णव. पंच्याण्णव. ब्याण्णव. पंच्याण्णव. मी रोज पहाटे उठून पहिल्यांदा तो मेसेज बघायचे आणि तक्त्यात भरायचे. आई फोनवर सांगायची की ते दाराआडून तिलाही तोच आकडा सांगतात. दोन ठिकाणांहून एकच आकडा आला की आम्ही शास्त्राचे लोक निश्चिंत होतो. तो एकाच माणसाकडून निघालेला असला तरी.

चौदा तारखेला सकाळी चौऱ्याण्णव आला. मी मोजणीला गेले. त्या दिवशी गारा पडत होत्या, एप्रिलमध्ये इथे पडतात. पहिल्या नळीशी बसून मी फोन लावला. पप्पांनी उचलला. जयंतीच्या शुभेच्छा दिल्या, घेतल्या. मिरवणूक नव्हती, गल्लीत कोणी नव्हतं, आईने घरातल्या घरात वंदना घेतली होती. पाण्याला वजन टेकल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "आला." मग नेहमीचं 'किती?' आलंच नाही. मी विचारलं, परत सोडू का. "नको," ते म्हणाले. "बरोबर आहे." मी आकडा अजून सांगितलाच नव्हता. आणखी अकरा नळ्या बाकी होत्या. ते म्हणाले, आता झोपतो, तू संध्याकाळी सगळे एकदम पाठव.

त्यानंतर ते फोन कमी करायला लागले. बोललं की खोकला येतो म्हणाले. मेसेज मात्र रोज यायचा. सोळा की सतरा तारखेला मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि हात भरलेले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पप्पा दोन-तीन मिनिटं बोलले असतील. हवामान कसं आहे, गाई बाहेर सोडल्या का, असलंच काहीतरी. फोन ठेवल्यावर वहिनींच्या मुलीने डचमध्ये विचारलं, "आजोबा पळतायत का?"

वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "अगं, काका नीट बोलत नाहीयेत. वाक्य मध्येच तोडतायत. तुला जाणवत नाहीये का? तू हॉस्पिटलला न्यायला सांग."

"चौऱ्याण्णव आहे आज," मी म्हणाले.

"आकड्याचं सोड ना. आवाज ऐक."

आणि मी त्यांच्यावर चिडले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओट्याशी उभी राहून. म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे मोजमाप आहे. आवाजावरून काय कळतं? फोनवर कोणाचाही आवाज तसाच येतो." वहिनी मुलीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

पण मनात आलं नव्हतं असं नाही. वर जाऊन मी तक्ता उघडला आणि सगळे आकडे तपासले. अगदी त्या तासाला शिकवलं होतं तसे. शेवटचे अंक बघितले, शून्य-पाच जास्त आहेत का बघितलं, रेघ गुळगुळीत आहे का बघितलं. नव्हती. वर जात होती, खाली येत होती, एकदा एकदम ब्याण्णववर आपटून दुसऱ्या दिवशी पंच्याण्णव झाली होती. खरी मोजणी असते तशीच ओबडधोबड. शिवाय मोजणारा माणूस कोण होता? पंक्चर सायकल ढकलत विहिरीपर्यंत जाणारा. मी तक्ता मिटला आणि निवांत झोपले. त्या महिन्यातली ती एकच रात्र मी नीट झोपले.

तेवीस तारखेला सकाळी मेसेज आला, शहाण्णव. मी त्याच्याखाली लिहिलं, छान, उतार पडला म्हणायचा. दुपारी आईचा फोन आला. सकाळचं ताट तसंच दाराशी होतं. तिने दार ढकललं तर पप्पा पलंगाला टेकून जमिनीवर बसलेले, डोळे उघडे, पण ओळख नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. तीन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. चौथ्यात एका बाकावर जागा मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं आणि आईला विचारलं, इतके दिवस काय करत होता तुम्ही. किती आकडा आला ते आईने मला तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पा गेले. नगरपालिकेच्या गाडीने नेलं. आई बाहेरच्या रस्त्यावर उभी होती. मी कापेलच्या माळ्यावर हातात फोन घेऊन बसले होते आणि पडद्यावर फक्त दवाखान्याचं छत दिसत होतं, कारण फोन कोणाच्या तरी हातात उलटा धरला होता.

आईही आजारी निघाली, थोडक्यात निभावली, मामांकडे राहिली. तू येऊ नकोस म्हणाली. येऊन आता कोणाला बघणार होते मी? वहिनी वर आल्या, शेजारी बसल्या, स्वयंपाकघरातल्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागायला पाहिजे होती. ती मी फार नंतर मागितली, आणि तीसुद्धा मेसेज करून.

अठ्ठावीस तारखेला मी मोजायला गेले.  बाराच्या बारा नळ्या मोजल्या. प्रत्येक नळीत वजन दोनदा सोडलं. कुरणाचा मालक, एक अबोल शेतकरी, फाटकाशी आला आणि अंतर राखून उभा राहिला. मार्गदर्शकांनी त्याला कळवलं होतं वाटतं. त्याने इथल्या रीतीप्रमाणे दोन शब्दांत दुखवटा व्यक्त केला आणि विचारलं, पाणी कसं आहे. मी म्हणाले, वर आलंय. तो मान हलवून गेला. परत येताना कापेलमध्ये माणसंच माणसं होती. महिनोन्‌महिने बंद असलेल्या कॅफेंच्या बाहेरच्या खुर्च्या त्याच दिवशी पुन्हा मांडल्या होत्या, रात्रीची बंदीही त्याच दिवसापासून उठली होती. लोक अंगावर कोट घेऊन थंडीत बिअर पीत बसले होते आणि एकमेकांवर आनंदाने ओरडत होते. मला त्या सगळ्यांचा राग आला. त्यांचा काही दोष नव्हता.

प्रबंध पुढे पूर्ण झाला. तक्त्यात एकही जागा मोकळी राहिली नाही, आणि परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं.

मे महिन्याच्या मध्यावर आई घरी परतली आणि पुढची खोली आवरायला घेतली. मला तिने व्हिडिओ कॉल लावला. गादी टाकून दिली होती, खिडक्या उघड्या होत्या. तिच्या हातात पप्पांच्या खात्यातली जुनी नोंदवही होती, लांबट, जाड पुठ्ठ्याची. उशीखाली सापडली म्हणाली. मागच्या बाजूने सुरुवात करून पप्पांनी तिच्यात रेघा मारल्या होत्या. तारीख, वेळ, कोणतं बोट, आकडा आणि शेवटी शेरा. विहिरींसाठी करायचे तशाच.

"वाच," मी म्हणाले.

आईने दहा तारखेपासून वाचायला सुरुवात केली. "त्र्याण्णव. शेऱ्यात लिहिलंय, कळवले त्र्याण्णव. अकरा तारीख, ब्याण्णव. कळवले पंच्याण्णव." तिथे ती थांबली आणि चष्मा पुसला. मी म्हणाले, पुढे वाच. "बारा तारीख, एक्याण्णव. कळवले ब्याण्णव. तेरा तारीख, नव्वद. कळवले पंच्याण्णव. चौदा तारीख, एकोणनव्वद. कळवले चौऱ्याण्णव."

चौदा तारखेला, मी पहिल्या नळीशी गारांत बसले होते तेव्हा, आमची तांबडी रेघ ओलांडलेली होती. ते फोनवर होते आणि त्यांना ते माहीत होतं. मला इतका राग आला की मी आईवर ओरडले. इतक्या वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नाही, आणि लिहिले ते मला? तेही मन लावून, वर-खाली करून, मी कुठे बघेन ते ओळखून? आईने ओरडू दिलं. मग ती म्हणाली, "मला काय कळणार होतं त्यातलं. मला दाराआडून सांगायचे ते मी ऐकायचे. तुला तरी कळायला पाहिजे होतं गं. तू हेच शिकतेस ना?"

ती टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. 

मग मीच म्हणाले, राहिलेलं वाच. ती वाचत गेली आणि मी तक्ता उघडून खरे आकडे भरत गेले. सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी. पंच्याऐंशी. ब्याऐंशी. बावीस तारखेला अठ्ठ्याहत्तर, अक्षर वाकडंतिकडं झालेलं. तेवीस तारखेच्या ओळीत आकड्याची जागा कोरी होती, बोट लिहिलेलं नव्हतं. फक्त शेरा होता, कळवले शहाण्णव. मला वाटलं संपलं.

"अजून आहे," आई म्हणाली. तिने वही डोळ्यांजवळ नेली. "पुढच्या तारखांचं कसं काय लिहिलंय यांनी? चोवीस, कळवायचे पंच्याण्णव. पंचवीस, कळवायचे शहाण्णव. सव्वीस, कळवायचे पंच्याण्णव. सत्तावीस, कळवायचे शहाण्णव. अठ्ठावीस, कळवायचे सत्त्याण्णव."

 आईने पान उलटलं, परत आधीच्या पानावर आली, आणि बोट ठेवून शेवटची ओळ वाचली.

"एकोणतीस," ती म्हणाली. "इथे आकडा नाही. शेऱ्यात लिहिलंय, मोजणी झाली असेल, आजपासून खरे कळवणे."